रुसवे काढून मिळतील

लग्नात रुसलेला माणूस जेवायला उठवणं म्हणजे काय असतं, ते आमच्या मालेगावाकडे ज्यानं एक तरी लग्न पार पाडलंय त्यालाच विचारा. मालेगाव म्हणजे वाशिमचं, जहांगीर. नाशिककडच्यांनी उगाच मान वर करू नये. इकडे सोयरीक जुळते, मांडव पडतो, अक्षता टाकून होतात, आणि पंगत बसायच्या वेळी कोणीतरी खुर्ची ओढत लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसतो. पत्रिकेत नाव खाली गेलं म्हणून. दुपट्टा दुसऱ्याच्या नंतर गळ्यात पडला म्हणून. फोटोवाल्यानं अर्धाच घेतला म्हणून. कारण काहीही चालतं. मग अख्खं घर हात जोडून त्याच्यापुढे, आणि तो म्हणतो, "नाही बावा, मले भूकच नाही." असं म्हणताना त्याचा एक डोळा बुंदीच्या पातेल्याकडे असतो, ही गोष्ट वेगळी.

असा माणूस माझी बायको उज्ज्वला उठवते. हात जोडत नाही, पाया पडत नाही, नारळ देत नाही. ती सरळ त्याच्याशेजारी खुर्ची टाकते, पदरानं वारा घेते आणि म्हणते, "काकाजी, मी असते ना तुमच्या जागी, कवाच निघून गेले असते."

रुसलेला माणूस चमकतो. सकाळपासून सगळे त्याला 'जाऊ द्या' म्हणत असतात. ही पहिली, जी त्याच्या बाजूनं बोलते.

"येवढ्या मोठ्या मानसाले अशी वागनूक? आन् हा म्हने पोरीचा बाप! नका जेवू. मी तं म्हनते, पानी बी नका पिऊ याच्या घरचं!"

काकाजी जरा अस्वस्थ होतात. "नाही बाई, तसा मानूस वाईट नाही तो. गडबडीत राह्यलं असन."

"कायची गडबड? दोन डोये देल्ले ना देवानं?"

"अवो, एकटा मानूस, कोठीकोठी पाहीन? तुमी नका येवढ्या तापू. चला, उठा. दोन घास खाऊन घ्या."

आणि काकाजी तिला समजावत समजावत पंगतीत आणून बसवतात! मी हे माझ्या डोळ्यांनी कितीदा पाहिलंय, आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा आलाय. आमच्या नात्यात, शेजारात, पार मानोऱ्यापर्यंत लोक लग्नाची तारीख धरायच्या आधी 'उज्ज्वलाबाईले जमते ना त्या दिवशी?' असं विचारतात. अशा बाईशी माझं लग्न झालं यात माझं कर्तृत्व शून्य आहे, पण कौतुक करायला कर्तृत्व लागत नाही.

आता मुद्द्यावर येतो. मी एका खासगी शाळेत लिपिक आहे. आमचे शेजारी धनराजभाऊ विम्याचं काम करतात, आणि विमा विकला गेला नाही की ते फुकट ज्ञान वाटतात. एका संध्याकाळी कुंपणावर हात ठेवून ते म्हणाले, "दिनेशभाऊ, आजकाल पगारावर भागत नाही. प्रत्येकाच्या अंगात काही ना काही हाय. जे रोज करता, त्याचंच उत्पन्न करा."

त्या रविवारी मी बसून माझ्या अंगात काय आहे याचा शोध घेतला. गॅसचं सिलिंडर हलवून किती उरलाय ते मला सांगता येतं, फक्त ते दर वेळी चुकतं. टरबूज वाजवून पारखता येतं, पण कापल्यावर सगळे माझ्याकडे बघतात. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "माह्यात काय गुन हाय वो?"

"सल्ला देता तुमी," उज्ज्वला आतून म्हणाली. "पन त्याच्यात शेजारीच येवढा मोठा दुकानदार बसला हाय."

धनराजभाऊंनी हे ऐकलं की नाही माहीत नाही, पण त्यांच्याच डोक्यात वीज चमकली. "आवो, वहिनीची विद्या! रुसवे काढाची! अखंड विदर्भात असा धंदा नाही कोनाचा. वहिनी उठवतीन, तुमी संचालक!"

संचालक हा शब्द माझ्या फार आत जाऊन बसला. इतकी वर्षं शाळेत मी फक्त 'ओ बाबू' होतो.

दुसऱ्या दिवशी मी शीलाताईंच्या संगणक केंद्रात गेलो. व्यवसायाची नोंदणी रीतसर झाली पाहिजे, यावर मी ठाम होतो. शीलाताईंनी यादी उघडली आणि खाली खाली जात राहिल्या. मंडप, बँड, घोडी, आचारी, फोटो, मेंदी सगळं होतं, रुसवा नव्हता.

"समुपदेशन टाकू काय?" त्या म्हणाल्या. "पन त्याले पदवीचा कागद लागते."

"तिनं बारावी केली हाय. आन् तिच्यापुढं पदवीवाले रुसतात."

"ते खरं हाय, पन कॉम्प्युटरले कसं समजन?" शीलाताईंनी बराच विचार केला आणि शेवटी 'दुरुस्ती सेवा, इतर' यावर बोट दाबलं. तत्त्वतः मला ते पटलं. बिघडलेलं नीट करायचं, तेच तर काम.

मी फलकही रंगवून आणला. 'रुसवे काढून मिळतील. जावई, व्याही, मामा, आत्या. खात्रीशीर.' तो फाटकावर लावून मी लांब उभा राहून बघत होतो, तेवढ्यात उज्ज्वला भाजी घेऊन आली. तिनं फलक वाचला. पिशवी खाली ठेवली. फलक काढला, मागच्या बाजूला नेला आणि पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवला. अक्षरं खालच्या बाजूला.

"आवो, पन ऐकून तं घे—"

"तुमीच ऐका. रुसलेला मानूस माह्याशी मन मोकयं करते, कारन मी त्याच्याकडून बोलते. यजमानाचे पैशे घेतले तं मी कोनाकडून बोलू? माह्या शब्दावर लोक उठतात जी. तो शब्द येकदा गेला की वापस येनार हाय काय?"

मला ते समजलं नव्हतं असं नाही. मला ते सोयीचं नव्हतं.

तिकडे कागदोपत्री मी दुरुस्तीवाला झालोच होतो. कोणीतरी कुठेतरी ते पाहिलं, आणि आठवडाभरात मदनसिंगकाका त्यांचा कूलर हातगाडीवर टाकून दारात हजर. मी खरं काय ते सांगणार होतो, पण धनराजभाऊंनी कुंपणावरून डोळा मारला, "पयलं गिऱ्हाईक हाय, वापस नका पाठवू." मी पाना घेऊन कूलर उघडला. उघडला तो पूर्ण उघडला. परत बसवायला घेतला तेव्हा दोन तुकडे जास्तीचे निघाले, आणि ते कुठले हे मदनसिंगकाकांनाही सांगता आलं नाही. ते जे रुसले, त्यांनी आमच्या गल्लीतून जाणंच सोडलं. म्हणजे आमच्या रुसवे काढायच्या केंद्राचा पहिला रुसवा केंद्रानं स्वतःच तयार केला. तो काढायला उज्ज्वला शेवटी भाकरी-ठेचा घेऊन त्यांच्या घरी गेली, फुकटात, आणि तिथे बसून माझ्याविषयी काय काय बोलली ते मदनसिंगकाका अजून सगळ्यांना खूष होऊन सांगतात.

इथवर फक्त माझा मान दुखावला होता. पुढचं मी माझ्याच हातानं ओढवून घेतलं.

नथ्थूभाऊ आमच्याकडे आले तेव्हा उज्ज्वला घरी नव्हती. वाशिम रस्त्याला त्यांचा मळा आहे. वांगी, मेथी, कोथिंबीर काढतात आणि त्यांची बायको आवडाबाई बाजारात बसते. त्यांच्या सायलीचं लग्न होतं. मुलगा जऊळक्याचा, चांगला. पण मुलाच्या आत्याचे यजमान, फुवाजी, यांची ख्याती मोठी. गेल्या लग्नात ते असे रुसले, की निम्मी वरात त्यांच्यामागे उपाशीच निघून गेली, आणि त्या लग्नातली सून अजून टोमणे खाते.

"भाऊ, मले दुसरं काही नाही पायजेन," नथ्थूभाऊ म्हणाले. त्यांच्या हातात टोपी होती आणि ते ती पिळत होते. "माह्या मांडवातून येकही मानूस उपाशी नाही गेला पायजेन. नाही तं माह्या पोरीले जलमभर आयकाव लागन. धनराजभाऊनं मोबाईलवर टाकलं, ते वाचून आलो. हे घ्या." आणि त्यांनी एक पाकीट माझ्या हातात दिलं.

धनराजभाऊंनी मोबाईलवर टाकलंय ही मला बातमीच होती. पण पाकीट घेतलं. उज्ज्वलाला मी एवढंच सांगितलं, की नथ्थूभाऊच्या घरचं लग्न आहे, आग्रहाचं बोलावणं आहे. पत्रिका होतीच. ती म्हणाली, "जाऊ ना. आवडाबाईजवळूनच तं भाजी घेते मी."

लग्न मळ्यातच होतं. विहिरीपासून रस्त्यापर्यंत मांडव, एका बाजूला मेथीचे हिरवेगार वाफे, एका बाजूला चुलाणावर वांग्याची भाजी रटरटत होती, आणि तिचा वास असा, की रुसणाऱ्यानं सुद्धा दोनदा विचार करावा. अक्षता वेळेवर पडल्या. सायली इतकी गोड दिसत होती, की आवडाबाई तिच्याकडे बघायची आणि डोळे पुसायची. आणि मग पंगतीची हाक झाली. फुवाजी उठले, खुर्ची उचलली, आणि लिंबाखाली गेले. कारण, त्यांना दुपट्टा टाकला तेव्हा बँड वाजला नाही.

नथ्थूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी ऐटीत मान हलवली. उज्ज्वलाला मी काही सांगायची गरजच नव्हती. ती आधीच खुर्ची घेऊन तिकडे निघाली होती.

पण आज काहीतरी वेगळंच चालू होतं. मांडवात कुजबूज सुरू झाली. धनराजभाऊंचा संदेश जऊळक्यापर्यंत पोचला होता! नवरीची आत्या गोमतीबाई हात कमरेवर ठेवून म्हणाली, "म्हंजे त्या बुढ्यासाठी पैशे देऊन बाई आनली? आन् मी सख्खी आत्या, मी नुसत्या 'चला' वर जेवाले बसू?" आणि तीही खुर्ची घेऊन लिंबाखाली. नवरदेवाचा मामा म्हणाला, फुवाजीला समजूत आणि मामाला काय? तोही गेला. मग थोरले जावई. मग धाकटे जावई, कारण थोरले गेले. चुलते, मावसे, दोन वर्षांपूर्वीचा एक व्याही. ज्याला म्हणून काही मान होता, त्याला रुसणं भागच पडलं. जो पंगतीत बसून राहील त्याला मान नाही, असा सरळ हिशेब झाला. खुर्च्यांची रांगच्या रांग लिंबाकडे चालली. आचारी झारा ठेवून म्हणाला, "मले बी सकायपासून च्या नाही इचारला कोनं." बँडवाले तर वाद्यांसकट गेले. नवरदेवसुद्धा एका खुर्चीकडे बघायला लागला.

पंगतीत पत्रावळी मांडलेल्या, आणि समोर एक माणूस नाही. आवडाबाई बुंदीच्या पातेल्याशेजारी मटकन खाली बसली. नथ्थूभाऊ लिंबाखाली एकेकापुढे टोपी काढून उभे राहत होते, आणि सायली हळदीच्या हातांनी तोंड झाकून रडत होती. मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं होईल.

फक्त हे सगळं पैशांवरून चाललंय, हे उज्ज्वलाला अजून कळलेलं नव्हतं. ती फुवाजींजवळ बसून मनापासून सांगत होती, "फुवाजी, मी असते ना, कवाच निघून गेले असते. बँड नाही वाजला म्हंजे काय?"

फुवाजींनी तिच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "बाई, हे बोलाचे तुले पैशे भेटले ना?"

उज्ज्वला उठली आणि मांडव ओलांडून सरळ माझ्याकडे आली.

"खरं हाय काय हे?"

"म्हणजे... तसं नाही... नथ्थूभाऊनीच..."

तिनं पुढचं ऐकलं नाही. एक खुर्ची उचलली, लिंबाकडे नाही, दुसऱ्याच बाजूला नेली, आणि मेथीच्या वाफ्यांकडे तोंड करून, सगळ्यांकडे पाठ करून बसली. पदरानं वाराही घेतला नाही.

आधी गोमतीबाईच्या लक्षात आलं. "अवो माय! उज्ज्वलाबाई रुसल्या?"

"कशा रुसतीन? त्या तं उठवतात."

"पाह्य ना तिकडं!"

लिंबाखाली सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. त्यातल्या प्रत्येकाच्या घरच्या कुठल्या ना कुठल्या कार्यात ती येऊन बसली होती, कोणाचा भाऊ उठवला होता, कोणाचा सासरा. गोमतीबाई आधी उठली, पाण्याचा तांब्या घेऊन गेली. "बाई, पानी तं घ्या." मामा गेला. दोन्ही जावई गेले, एकमेकांना ढकलत. आचारी वाटीत गरम भाजी घेऊन गेला. बँडवाल्यानं विचारलं, काही वाजवू का. काही उपयोग नाही! ती मेथीकडेच बघत राहिली.

शेवटी फुवाजी आले. एवढा ताठ माणूस, पण वाफ्याच्या कडेला उकिडवा बसला. "बाई, माह्यं बोलनं चुकलं. तुले वीस जागी पाह्यलं मी. तू पैशे घेनारी नाही, हे मले मालूम पायजेन होतं. रुसाचं काम आमचं हाय, तुह्यं नाही. ऊठ."

उज्ज्वला मान न वळवता म्हणाली, "आदी तुमी समदे जेवा. पोरगी रडून राह्यली तिकडं, दिसत नाही तुमाले?"

भाऊ, काय सांगू! फुवाजी उठले ते ओरडतच, "बसा रे बसा! हात चालवा! बाई वाट पाहून राह्यली!" स्वतः धोतर खोचून बुंदी वाढायला लागले. थोरले जावई पाणी वाढत होते. गोमतीबाई जो उठेल त्याला दाबून खाली बसवत होती. पंगतीमागून पंगत उठली. नवरीच्या गावचे, नवऱ्याच्या गावचे, बँडवाले, मांडववाले, रस्त्यानं मोटारसायकलवर जाणारे दोघे अनोळखी सुद्धा जेवून गेले. नथ्थूभाऊ पातेल्याशेजारी उभे राहून नुसते बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, की मलाच रडू येईल असं वाटलं.

आणि मी? मी अभिमानानं फुटायच्या बेतात होतो. काय डोकं आहे या बाईचं! एक खुर्ची उलटी टाकली आणि अख्खी वरात जेवायला बसवली! ते पाकीट मी गुपचूप सायलीच्या नावानं आहेरात टाकलं, आणि उज्ज्वलाला शाबासकी द्यायला वाफ्याकडे गेलो. खुर्ची रिकामी होती. ती रस्त्यावर आमच्या मोटारसायकलीजवळ उभी होती.

"काय युक्ती केली वो!" मी म्हणालो.

"कायची युक्ती?" ती म्हणाली. "चला घरी."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. ती युक्ती नव्हती. बाई खरोखर रुसली होती, आणि नथ्थूभाऊंच्या मांडवातून उपाशी निघालेलं एकच माणूस माझ्या गाडीवर मागे बसलं होतं.

घरी आल्यावर मी चहा केला. तो कपात गार झाला. मी माफी मागितली, ती भिंतीनं ऐकली. कुंपणावरून धनराजभाऊ म्हणाले, "दिनेशभाऊ, तुमचं केंद्र हाय ना? तिथूनच बोलवा कोनाले." त्यांच्याशी मी आयुष्यात बोलणार नव्हतो, पण त्यांनाच विचारलं, आता काय करू. पहिल्यांदाच त्यांच्याकडे सल्ला नव्हता.

दिवस मावळायला आला तेव्हा रस्त्यावर गलका झाला. फुलांनी सजवलेली गाडी आमच्या दारात थांबली, तिच्यामागे वरातीच्या गाड्या, ट्रॅक्टर, बँडचा टेम्पो. पुढच्या सीटवरून फुवाजी उतरले. मागून सायली उतरली, शालू सावरत, हातात झाकलेलं ताट. डोळे रडून लाल. पाठवणी नुकतीच झालेली.

"ताई," ती दारात म्हणाली, "तुमी जेवल्याबिगर मी सासरी जात नाही."

"आन् मी हे गाडी हालू देनार नाही," फुवाजी म्हणाले. "तुह्या शब्दावर मी उठलो बाई. आता माह्या शब्दावर तू ऊठ."

मागे रस्ता तुंबला. एसटीच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मग खाली उतरून चौकशी केली. कोणीतरी सांगितलं, "उज्ज्वलाबाई जेवून राह्यल्या." त्यानं परत जाऊन इंजीन बंद केलं.

उज्ज्वला हसायला गेली आणि रडली. तशीच दाराच्या पायरीवर बसली, सायलीला शेजारी बसवून घेतलं, आणि पहिला घास सायलीच्या हातून खाल्ला. मग मामा म्हणाला माझ्याही हातचा, पाठराखीण म्हणून आलेली गोमतीबाई म्हणाली माझ्याही. त्या पायरीवर माझ्या बायकोला जो मान मिळाला, तो मी अजून कुठल्या संचालकाला मिळालेला पाहिला नाही. तिचा शब्द कुठे गेला नव्हता. मी घालवायला निघालो होतो, पण तो माझ्या हातातला नव्हताच.

गाड्या गेल्या. धूळ बसली. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो, आणि मला आत कुठेतरी खूप वाईट वाटत होतं, का ते कळत नव्हतं.

उज्ज्वलानं ताटातली बुंदी एका बाजूला केली आणि वर पाहिलं.

"तुमी जेवले काय?"

सकाळपासून एवढ्या माणसांत मी धावत होतो. एकानंही मला हे विचारलं नव्हतं. मलाही आठवलं नव्हतं.

मला भूक नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. मानाचा प्रश्न होता. तिनं ताट पुढे सरकवलं आणि पायरीवर मला जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "पन ध्यानात ठेवा, मी अजून रुसलेलीच हाय."

आणि माझ्या पोळीवर तिनं आणखी भाजी वाढली.